मिरच्यांशेजारी वाळवलेली डिस्क

पूर ओसरला तसा उत्तरेचा गार वारा सुटला आणि थायलंडमधल्या बांग-पा-इनच्या चाळीत सकाळपासून जो तो घासायला लागला. लमदुआन भिंतीवरचा गाळ खराट्यानं खरवडत होती. पाणी छातीएवढं चढलं होतं, त्याची रेघ काही केल्या निघेना. दारात सुपावर मिरच्या वाळत होत्या, आणि मिरच्यांना खेटून तिच्या कॉम्प्युटरमधली डिस्क. आठवडाभर ऊन सरकेल तसं ती सूप सरकवत होती.

"ठसका लागेल गं तिला," शेजारची ओरथाई म्हणाली. कारखान्यात दोघी एकाच ओळीत बसायच्या.

"लागू दे. आत पाणी तर राहणार नाही!"

लमदुआन लांबच्या बुरीरामहून इथं कामाला आली ती डोळ्यांच्या जोरावर. डिस्कच्या कारखान्यात अंगभर पांढरा झगा, डोळे तेवढे उघडे. तोंडाला पावडर लावायची नाही, कारण पावडरीचा कण म्हणजे डिस्कच्या वाटेतला धोंडा. सूक्ष्मदर्शकाखाली तिळाहून बारीक हेड पात्याच्या टोकाला चिकटवायचं. गरगर फिरणाऱ्या ताटलीवर ते न टेकता तरंगतं आणि लिहिलेलं वाचतं. ती आली तेव्हा अख्ख्या डिस्कमध्ये धड एक सिनेमा मावत नसे. मग बघता बघता दुप्पट, चौपट. ताटली तेवढीच, लिखाण बारीक, फिरणं जोरात. हेड लहान होत गेलं आणि बायकांना चष्मे लागले.

"ताटली तीच, भात दुप्पट," ओरथाई म्हणायची. "ही युक्ती पगाराला का नाही करत मेले?"

लमदुआनचा एकुलता एक मुलगा फूम आईला चिडवायचा. "आई, तुझी डिस्क म्हातारी झाली. आताच्या केवढ्या मोठ्या, केवढ्या पळतात! हिच्यातलं नवीत टाकून ठेवतो."

"माझ्या ओळीतली आहे ती. माझ्या हातचं बिघडत नाही."

तिनं हात लावू दिला नाही. पुढच्याच वर्षी फूम मोटरसायकलवरून पडला आणि गेला तो गेलाच.

त्या डिस्कमध्ये रीतीप्रमाणे काही दिवस भिक्षू होण्याच्या त्याच्या सोहळ्याचा व्हिडिओ होता. देवळात मुंडन करण्याआधी पहिली बट आईनं कापायची. लमदुआनच्या हातात कात्री, कात्री कानाशी आलेली, आणि मान वाकवून फूम म्हणतो, "आई, कान तेवढे ठेव, तुझी बोलणी ऐकायला लागतील." मागं सगळे हसतात. त्याचे फोटो लमदुआनच्या बहिणीकडे होते. त्याचा आवाज मात्र एवढ्या डिस्कमध्येच.

दुपारी डिस्क मऊ फडक्यात गुंडाळून ती कारखान्यात गेली. खाली अजून चिखल होता, वरची एक खोली चालू झाली होती. तिथं थावतदादा, त्यांचा जुना मुकादम, बिघडलेल्या डिस्का उघडून बघायचा.

त्यानं डिस्क हातात घेतली, कानाशी हलवली. "पुरात होती?"

"होती. पण मी उकळलेल्या पाण्यानं धुतली, आणि खडखडीत वाळवली."

थावतचा हात थांबला. "वाळवलीस?"

"मग? पाण्याचा थेंब म्हणजे वैरी, तुम्हीच शिकवलंत ना!"

"ते आपल्या ओळीवर गं. पुरातली डिस्क ओलीच ठेवायची असते, पिशवीत बांधून. हिला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत गेलेला असतो. ओला असता तर धुऊन निघाला असता."

त्यानं झाकण काढलं. लमदुआन सवयीनं सूक्ष्मदर्शकावर वाकली. ताटलीवर गाळ सिमेंटासारखा बसला होता आणि हेड त्यात रुतलं होतं. थावतनं चिमट्यानं ते उचलून पाहिलं. ताटलीवरचा लिखाणाचा चकचकीत थर हेडाबरोबर पापुद्र्यासारखा सुटून आला.

"दुसरी बाजू?" तिनं विचारलं.

त्यानं उलटून दाखवली. तीही तशीच.

तिनं डोळा काढला, फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "दादा, नव्या डिस्कमध्ये आता किती मावतं?"

"असे सोहळे हजारभर मावतील."

"आणि पळतेही जोरात."

"हो."

"बरं."

ती घरी आली तेव्हा ओरथाई उंबऱ्यात बसली होती. "निघालं काही?"

"मीच घालवलं गं त्याला. रोज उन्हात ठेवून ठेवून."

ओरथाई उठली. तिनं लमदुआनचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. शेवटी म्हणाली, "उद्याच्या जेवणाचा चिकट तांदूळ भिजत घातलास?"

"नाही अजून."

लमदुआननं डब्यातून तांदूळ काढले, पातेल्यात घेतले आणि नळाखाली धरून धुवायला लागली.