सरवर खानाच्या मायचं जेवण

देवळीच्या बसस्टँडमागं सरवर खानाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, टिनाचं छप्पर, मातीची भट्टी अन् बसाले सतरंज्या. खान अफगाणिस्तानातला. काकासंग हिंग विकत विकत लहानपणी इकडं आला अन् इथंच राह्यला. लगन केलं नाई. विचारलं तं म्हणे, "मायनं पोरगी पाह्यली की करीन." माय तिकडं डोंगरातल्या गावात, अन् हा इकडं देवळीत रोट्या भाजून राह्यला. आता सांगा, कसं जमावं हे?

माझं शिवणाचं दुकान समोरच. दुपारचं मी त्याच्याकडंच जेवत होतो. हातभर लांब रोटी, मटनाचा रस्सा, गुरुवारी गाजर-किसमिस टाकलेला पुलाव. अण्णाजी मास्तर माळकरी, तं त्याइच्यासाठी वेगळ्या गंजात कोहळ्याची भाजी, वरून लसणाचं दही. खानाच्या मुलखात म्हणे सारे एकाच परातीत जेवतात. आमच्या लोकाइले उष्ट्याचा मोठा बाऊ, म्हणून बिचाऱ्यानं वर्ध्याहून ताटल्या आणल्या.

पंच्याहत्तर साली तो एकदा मायले भेटून आला. आल्या आल्या मले म्हणते, "लहानूभाऊ, माय विचारत होती, तुह्या नलूचं लगन जमलं का?" मी म्हटलं, तुह्या मायले माही पोरगी नलू कशी मालूम? तं हा पठ्ठ्या रोज तिले आम्हा साऱ्याइच्या गोष्टी सांगत बसे. अण्णाजीचा दमा, मनकर्णाबाईची म्हैस, काई सोडलं नाई. म्हातारी नमाज झाली की आमच्यासाठी दुवा मागे. सख्ख्या मावशीनं कधी माही एवढी चौकशी केली नाई.

मंग तिकडं लढाई पेटली. जायाचे रस्ते बंद झाले. खान रेडिओले कान लावून बसे अन् रोटी भट्टीत करपून जाये.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात मी सेलूले बहिणीच्या घरच्या लग्नाले गेलतो. गुरुवारी दिवस बुडता बुडता बसमधून उतरलो तं अण्णाजी मास्तर भेटले. म्हणे, "खानाकडं जेवाले जाऊ नको. त्याची माय गेली, नागपूरचा एक पठाण परवा सांगून गेला. त्यानं आज साऱ्या गल्लीले जेवाले बलावलं होतं. पण सुतकाच्या घरी कोणी जेवते का? मीच हात जोडून नको म्हटलं. लोकाइलेही सांगतलं, त्याले तरास देऊ नका. मनकर्णाबाईनं झुणका-भाकर पाठवली त्याले."

मास्तर भला माणूस, पण कधी कधी भल्या माणसाचाच लय राग येते. "भेटाले तं जाऊ का नाई?" म्हटलं अन् निघालो.

सतरंज्या झाडून अंथरल्या होत्या. ताटल्या मांडल्या होत्या. भट्टीजवळ भाताचं भलं मोठं डेग झाकून ठेवलं होतं. खान धुतलेले कपडे घालून दारातच बसला होता. मले पाहून घाईघाईनं उठला, माह्या हातावर स्वतः पाणी घातलं अन् ताटली भरली.

"काऊन शिजवलं रे, खानभाई?" मी म्हटलं. "दुःखाच्या घरी आमच्यात चूल पेटवत नाई."

"आमच्यात मेलेल्याच्या नावानं लोकाइले खाऊ घालतात," तो म्हणाला. "लोकं जेवले तं तिले पोचते. मास्तरनं नको म्हटलं. मले वाटलं, माह्या मायच्या नावाचा घास तुम्हाले चालत नसन. मंग जबरदस्ती कशी करू?"

"अरे, त्याइले हे मालूमच नव्हतं." मी साऱ्याइले बलावाले उठलो. त्यानं माहा हात धरला.

"बस. भरल्या ताटावरून उठू नाई. आता कोणाले आणू नको. गळ घालून जेवले तं ते तिचं जेवण नाई."

मंग मी जेवलो. भात गार झाला होता, तूप थिजलं होतं. डोळ्यातून पाणी गळत होतं, त्याची लाजही वाटली नाई. खान वाढत राह्यला अन् मी पोटाले तडस लागली तरी नाई म्हटलं नाई. डेग गल्लीभराचं, अन् जेवणारा मी एकटा.

"गावाकडच्या कोणाकरवी तिथंच घातलं असतं जेवण," मी म्हटलं. "आपल्या माणसाइनं खाल्लं असतं."

खानानं डेगावर झाकण ठेवलं.

"गावात आता जेवाले कोणी उरलं नाई, लहानूभाऊ," तो म्हणाला. "म्हणून तं इथं शिजवलं."