धुळीशी वैर धरलेले मेश्राम साहेब

मेश्राम साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांच्या पाठीवर कपाशी फवारायचा पंप होता आणि ते गोदामातल्या फुटक्या पत्र्यांवर पाणी मारत होते. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका सरकीच्या तेल मिलमध्ये मी हिशेबाच्या कामावर नुकतीच लागले होते. आदल्या दिवशीच्या वादळात छताचे काही पत्रे खाली आले होते. मला वाटलं, हे कोणी माळी असतील. निघाले मिलचे मेंटेनन्स इंजिनिअर.

"बाई, तिथंच थांबा," ते दुरूनच ओरडले. "हे जुने सिमेंटचे पत्रे. यायच्यात अ‍ॅस्बेस्टॉस हाय. कोरडे फुटले की धूळ उडते, अन् छातीत गेली की निघत नाही."

त्यांचा जुना सोबती शिवदास फिटर वर्षानुवर्षं असे पत्रे कटरनं कापत असे. आता जिना चढताना तो मध्येच बसून घ्यायचा. साहेब त्याला नेमानं भेटायला जात. "तवा आमाले कोणी सांगतलं नाही," एवढंच म्हणत.

मिलच्या शेठना घाई होती. "सीझन तोंडावर आला, साहेब. मजुरायले घण द्या, पाडा अन् झाडून टाका. काहून लांबवून राहिले?"

"घण नाही, झाडू नाही. गोदाम बंद ठेवू. हे काम शिकलेली माणसं नागपूरहून येतीन, बोल्ट खोलून अख्खे पत्रे उतरवतीन."

"अन् मी तुमालेच काढलं तर?"

"काढा. पण तुमची खुर्ची बी याच छताखाली हाय, शेठ. धूळ मालक कोण अन् मजूर कोण, हे पाहत नाही."

शेठ तणतणत निघून गेले. संध्याकाळी नागपूरला फोन करायला त्यांनीच सांगितलं.

काम सुरू झालं तसा साहेबांचा आवाज चढला. एकानं तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला दिसला, तर म्हणाले, "दुपट्ट्यानं माशी अडकते बाप्पा, धूळ नाही. मास्क घाल." कामाचे कपडे घालून कुणाला घरी जाऊ देत नसत. "ही धूळ पोरायपर्यंत नेता काय?" म्हणून तिथंच आंघोळ करायला लावत. उतरवलेले पत्रे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधले जात होते.

खरं अवघड झालं ते कमलाबाईंपुढं. कमलाबाई मिलमध्ये पोती शिवायच्या. त्यांचं स्वयंपाकघर गळत होतं. "साहेब, दोनच पत्रे द्या ना. तुमी तं फेकूनच देऊन राहिले."

"नाही देत, कमलाबाई. शिव्या दे मले."

त्यांनी खरंच दिल्या. "गरिबाच्या घरावर छप्पर आलं तं याले पाहवत नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि साहेबांशी बोलणं टाकलं. त्या दिवशी साहेबांनी डबा उघडलाच नाही.

नवीन टिना, म्हणजे लोखंडी पत्रे, आल्या. छत झाल्यावर काही उरल्या, तेव्हा साहेब शेठकडे गेले. शेठ या वेळी वाद घालायच्या मूडमध्ये नव्हते. रविवारी साहेब स्वतः टिना घेऊन कमलाबाईंच्या दारात उभे राहिले. मीही सोबत होते. कमलाबाईंनी आधी टिना पाहिल्या, मग साहेबांकडे.

"आदी काहून नाही सांगतलं?"

"तवा माह्या हातात काय होतं? खोटा वायदा कसा करू?"

छप्पर बसेपर्यंत कमलाबाईंची चूल पेटली होती. त्या भाकर-झुणक्यावर साहेबांनी उपाशी असल्यासारखा ताव मारला.

मागच्या वर्षी साहेब निवृत्त झाले आणि अमरावतीला, राजापेठेत लेकीकडे राहायला गेले. परवा मी भेटायला गेले, तर ते पायांत बूट चढवत होते. अंजनगावच्या एका शाळेची जुनी सिमेंट पत्र्यांची शेड उतरवायची होती आणि हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं होतं.

"आता तरी आराम करा ना, साहेब," मी म्हटलं.

ते हसले. "बाई, आताच तं मजा हाय. आता मले कामावरून काढीन कोण?"