बसलेला घसा

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही, म्हणजे बघा. ती अजून रोज मला हळदीचं दूध देते आणि मी ते गुमान पितो.

सांगलीत लोक मला दस्ताचा वकील म्हणून ओळखतात. खरेदीखत, मृत्युपत्र — विश्रामबागेतल्या ऑफिसात बसून शांतपणे करायची कामं. पूर्वी मी फौजदारी करायचो. ती का सोडली, असं कुणी विचारलं की मी गळ्याला हात लावतो. घसा गेला, डॉक्टरांनी कोर्टात बोलायची मनाई केली... लोक हळहळतात. मी हळहळू देतो.

खरं काय होतं? सांगतो.

तासगावकडच्या एका तरुणाची मारामारीची केस माझ्याकडे होती. जामीन झाला नव्हता, तो आत होता. मुख्य साक्षीदाराचा उलटतपास मला घ्यायचा होता. तयारी सगळी झालेली. पण आधीच्या एका केसमध्ये साक्षीदारानं उलट उत्तर देऊन भर कोर्टात माझं हसं केलं होतं — तेव्हापासून उभं राहायचीच भीती बसली होती. पुकारा झाला आणि मी — मी गळा धरला. घोगऱ्या आवाजात तारीख मागितली. मिळाली.

बाहेर त्या मुलाचे वडील होते, रिटायर फौजी. ते तडक बाजारात गेले आणि हळदीची पुडी घेऊन आले.

“घसा सांभाळा सायब तुमी. पोरगं काय, काढंल आजून एक तारीख.”

तेव्हा तरी लाज वाटायला हवी होती ना? वाटली. तरी मी पुडी घेतली आणि तिथंच ठरवलं — फौजदारी बंद. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसून तिखटजाळ भडंग खाल्लं, वर हिरवी मिरची.

केस दुसऱ्या वकिलाकडे दिली. त्याच उलटतपासात साक्षीदाराचं खोटं उघडं पडलं आणि पोरगा सुटला. म्हणजे मधले दिवस तो माझ्या भीतीपायी आत बसला होता. त्याचे वडील पेढे घेऊन आले, आधी माझ्या घशाची चौकशी केली. मी घोगऱ्या आवाजातच उत्तर दिलं.

दस्ताच्या कामात मी सुखात आहे, हे कशाला लपवू? आज बोललो, आणखी मोकळं वाटतंय.

माझ्या घशाला काही झालेलं नाही. तेव्हाही झालं नव्हतं.