डाव्या अंगाची धार

चाकूच्या खिळीत तेलाचा थेंब सोडला की मला निमगाव केतकीकडची ती तक्रार हमखास आठवते. निवृत्तीनंतर बारामतीत राहून मी जुने, झिजलेले खिशातले चाकू दुरुस्त करतो. बायको म्हणते, नोकरीत चाकू जप्त केले, आता विकत आणता. हा नाद मला त्या प्रकरणानेच लावला.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. पन्नाशीचा एक डाळिंब बागायतदार अर्ज घेऊन आला. त्याच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या जागोजागी कापल्या होत्या. संशय शेजारच्या तरुणावर, कारण दोन्ही घरांत बांधाचा वाद होता. पंचनाम्याच्या वेळी चिखलात एक चाकू सापडला. लाकडी मूठ, गंज चढलेला, पातं झिजून निम्मं झालेलं. "ह्यो त्याचाच हाय," बागायतदार तिथंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्यानेही तेच सांगितलं.

तो तरुण पोलीस भरतीत निवडला गेला होता. चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. गुन्हा नोंदला की त्याची नेमणूक अडकणार, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी त्याला दोन दिवस सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत ठाण्यातल्या बाकावर बसवलं. दरडावलं, समजावलं, उलटसुलट प्रश्न विचारले. त्याचं एकच पालुपद, "सायेब, चाकू माझा न्हाय." मला तो निगरगट्ट वाटला. खरं सांगायचं तर माझं मत आधीच झालं होतं.

चाकूवर कधीकधी मालकाचं नाव कोरलेलं असतं. गंजाखाली काही दिसतं का, हे पाहायचं होतं. बीटचा हवालदार म्हणाला, "गावात एक रिटायर गुरुजी हायती. बाजारातनं मोडके चाकू आणत्यात अन् नव्यावाणी करत्यात."

मी सीलबंद चाकू घेऊन गेलो. पडवीत पाटावर कानस, पॉलिश पेपर, गोडेतेलाची वाटी आणि ओळीने मांडलेले चाकू. पंचांसमोर सील उघडलं. गुरुजींनी चाकू फडक्यात धरला, पातं उजेडाकडे तिरपं केलं.

"घासायची गरज न्हाय," ते म्हणाले. "ह्यो गुटी बांधणाऱ्याचा, फांदीची साल सोलून कलम करणाऱ्याचा चाकू. साल काढायला एकाच अंगानं धार लावत्यात. उजव्या हातानं काम करणाऱ्याची धार उजव्या अंगाला असती. ही डाव्या अंगाला हाय, अन् वर्षानुवर्षं तशीच लावलीया."

"पण यातलं कुणीच डावखुरं नाही. तरुणाने जबाबावर आणि तक्रारदाराने अर्जावर, दोघांनीही माझ्यासमोर उजव्या हाताने सही केली."

गुरुजींनी चाकू खाली ठेवला. "सही उजव्यानंच करील. चौथीत छड्या मारून मीच त्याचा हात बदलला. तवा आमाला ते बरोबर वाटायचं." मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "साहेब, आज हे सांगून त्याला परत छडीच मारतोय मी."

मी गुरुजींकडून त्यांनी दुरुस्त केलेला एक चाकू मागून घेतला आणि बागायतदाराला ठाण्यात बोलावलं. चहा मागवला. त्याने उजव्या हाताने कप उचलला. मी बागेची विचारपूस केली आणि डाळिंबाची एक फांदी पुढे ठेवून म्हणालो, "आबा, गुटी कशी बांधता, जरा दाखवा की."

त्याला बरं वाटलं. फांदी उजव्या हातात गेली, चाकू डाव्या. दोन सफाईदार वेढे मारून त्याने साल अंगठीसारखी सोडवली आणि कौतुकाच्या अपेक्षेने वर पाहिलं. मी पंचनाम्यातला चाकू शेजारी ठेवला. तो स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला.

"नळ्या माझ्याच हुत्या, सायेब. मीच कापल्या," शेवटी तो म्हणाला. "चाकू कवा पडला कळलंच न्हाय. त्याला खाकी मिळाली असती तर बांधावर आमचं कोण ऐकलं असतं?" खबऱ्यालाही यानेच पढवलं होतं.

खोटी तक्रार दिल्याबद्दल त्याच्यावर रीतसर कारवाई झाली. तरुणाच्या पडताळणीचा अहवाल मी स्वतः लिहून पाठवला.

काही महिन्यांनी प्रशिक्षणाला जाण्याआधी तो पेढे घेऊन आला. मी अभिनंदन केलं. त्याने खाली बघत म्हटलं, "सायेब, राग मानू नका. दोन दिवस तुमी मला लई प्रश्न विचारलं. पण ह्यो चाकू हातात धरून दाखव, असं एकदा बी म्हणला न्हाई."

मला लाज वाटली, ती अजून वाटते. माणसाच्या घरचं भांडण कळलं की त्याचा गुन्हाही कळला, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. आता एखादा जुना चाकू आणला की गंज काढतो, पण धार होती त्याच अंगाला राहू देतो. आणि कानस हातात घेण्याआधी तो चाकू एकदा उजव्या हातात धरून पाहतो, एकदा डाव्या.