वाणात आलेलं बेस्टसेलर

मंडळी, आज डोकं सुन्न झालंय.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत स्मिताताईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना ते गाजलेलं बेस्टसेलर वाण म्हणून दिलं. तेव्हापासून बिल्डिंगच्या ग्रुपवर एकच चाललंय, "शेवट वाचून रडले गं!"

आज मीही वाचायला घेतलं. कंटाळत शेवटच्या प्रकरणाला पोचले, तर पुढची पानं कोरी! ताईंकडे धावले. उरलेल्या प्रतींची प्लास्टिकं फाडली. सगळ्या तशाच.

"अगं, कोणी बोललंच नाही," ताई म्हणाल्या.

माझ्या कादंबरीच्या रॉयल्टीत रिक्षाभाडंही सुटत नाही. "शेवट वाचून रडलो" असे मेसेज येतात, त्यावरच मी पुढचं लिहिते.

आता माझी कादंबरी समोर पडलीय. उघडायची हिंमत होत नाहीये.

तुमच्याकडे असेल तर बघून सांगा ना, शेवट छापलाय का?