आरसा थांबेपर्यंत

सत्तार गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेरच्या स्टँडवर धाराशिवच्या बसची वाट बघत उभा होतो. माझा विश्वासच बसेना. झटक्यात काही उरकणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं! त्याच्यापुढं पासपोर्ट फोटोला बसलेल्या गिऱ्हाइकाच्या, उठेपर्यंत, मिशा पांढऱ्या व्हायच्या. आणि हा म्हणे दोन मिनिटांत, चहाचा कप हातात असताना...

सत्तार आमच्या गावचा एकुलता एक फोटोग्राफर आणि माझा पहिलीपासूनचा दोस्त. जन्मात त्याला खरा एकच फोटो काढायचा होता. गावच्या बारवेत, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, पाण्यापलीकडच्या भिंतीत, हात पोचणार नाही इतक्या उंचावर, एक झिजलेला कोरीव दगड आहे. तो सत्तारच्या आजोबांनी, इमाम पाथरवटानं, कोरला आणि खाली आपलं नाव घातलं, असं सत्तारचे वडील सांगायचे. गावात कुणी मानत नसे. मी तर चारचौघांत म्हणायचो, "तुझ्या आज्याला पाट्याला टाकी लावता येत न्हवती, त्यो कसला लेख कोरतोय!" सत्तार नुसता बघायचा. "फोटू निघू दे, मग बोल."

ती अक्षरं सकाळच्या तिरप्या उन्हात दहा मिनिटं उठून दिसायची, एरवी दगड कोरा. बारवेत उजेड कमी, फोटोला पाव सेकंद लागायचा आणि अक्षरं दरवेळी हललेली यायची. सत्तारनं कॅमेऱ्याची तिवई बदलली, तिला वाळूची पिशवी टांगली. हादरा बसतो म्हणून वरच्या रस्त्यावर आडवा उभा राहून एसटी थांबवली. ड्रायव्हरनं ज्या शिव्या दिल्या, त्या ऐकून बारवेतली कबुतरं गाव सोडून गेली. शेवटी चोर घरातच निघाला. कॅमेऱ्याच्या पोटात एक आरसा असतो. बटण दाबलं की तो फाटकन वर उडतो आणि त्या हिसक्यानं कॅमेराच थरथरतो. इलाज सोपा होता : पहिल्या दाबाला नुसता आरसा वर घ्यायचा, तो शांत होईस्तोवर थांबायचं, मग दुसऱ्या दाबाला फोटो. थांबायचं! हे ऐकून सत्तारला जे सुख झालं, ते त्याला लग्नातही झालं नसेल.

आणि हे कळलं कधी, तर गावातल्या उत्साही मंडळींनी बारवेला गिलावा करायला घेतला तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायऱ्यांवर. समोर परांचीवर गवंडी, थापी हातात. ऊन आलं. सत्तारनं कॅमेऱ्याला जोडलेल्या वायरचं बटण दाबलं. खट.

"झालं का, सत्तारभाई?" गवंडी ओरडला.

"न्हाय. आरसा थरथरतोय."

"अरं दाब की लेका!" मी.

"गप. श्वास घिऊ नगंस."

त्याचं ते थंड तोंड बघून माझं डोकं फिरलं. वायर हिसकली आणि मीच बटण दाबलं. ऊन सरकलं, दगडावर गिलाव्याची थापी पडली. फोटोत एकेका अक्षराला चार-चार सावल्या. सत्तार एवढंच म्हणाला, "घाई झाली व्हय तुला?" पुढं अकरा वर्षं तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण नाही!

नुकताच त्याचा चाळिसावा दिवस झाला. त्याच आठवड्यात गिलाव्याचा पोपडा पाण्यात कोसळला आणि दगड उघडा पडला. मी बारवेच्या काठावर उभा राहून मेलेल्या माणसाला मोठ्यानं झापलं. जन्मभर मला 'थांब थांब' म्हणालास, आणि तुला स्वतःला दीड महिना दम निघंना?

त्याची मुलगी शबाना धाराशिवला शाळेत शिकवते. रविवारी ती कॅमेरा घेऊन आली. ऊन आलं. खट. मी तोंड दाबून, डोळे मिटून उभा. किती वेळ गेला देव जाणे. दुसरी खट झाली तरी मी श्वास सोडेना, तेव्हा ती म्हणाली, "काका, घ्या आता."

सत्तारच्या दुकानात तिनं फोटो मोठा केला. एकेक अक्षर सुईनं टाचल्यासारखं स्वच्छ. ती वाचू लागली, "बारवेत... म्हशी... धुऊ नयेत."

आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि हसत सुटलो. यासाठी एसटी अडवली होती गड्यानं!

"काका, खाली अजून आहे," ती म्हणाली. बारीक अक्षरांत होतं : काम इमामचे.

मग मात्र मला माफी मागायची होती, आणि ती द्यायला पुढं कुणीच नव्हतं.