मावससासूबाई आणि कापलेले पैसे

आपली वस्तू परत मागताना लाजायचं नसतं, हे जन्मतःच ठाऊक असलेली एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती नेमकी माझी मावससासू निघाली. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहत. शिंप्याकडून ब्लाउज आणताना उरलेली कातरणं मागून घेत. दाढ काढून घेतली तेव्हा डॉक्टरांकडून दाढही मागून घेतली. "पन्नास वर्षं मी वापरली, तुम्ही ठेवून काय करणार?" एकदा टॉकीजमध्ये शेवटची वीस मिनिटं उरली असताना वीज गेली. बाकी सगळे शिव्या देत घरी गेले. मावशी तिकीट खिडकीशी उभ्या राहिल्या. "पैसे द्या, नाहीतर शेवट सांगा." मॅनेजरने बिचाऱ्याने कंदिलाच्या उजेडात, हातवारे करून, खलनायक मरेपर्यंतची सगळी गोष्ट सांगितली. मावशींनी मध्ये दोन शंकाही विचारल्या. मात्र कंडक्टरने चुकून दोन रुपये जास्त दिले तेव्हा याच बाई भर दुपारी डेपोपर्यंत चालत जाऊन ते परत करून आल्या होत्या.

आणि अशा बाईच्या भाचीच्या नशिबी मी आलो. न्हाव्याने नको तेवढे केस कापले तरी "छान झालं" म्हणून वर आठ आणे देणारा मी माणूस. दुकानदाराने फाटकी नोट दिली, तर ती फाटली यात माझीच काही चूक असावी असं मला वाटतं. बँकेत शिरताना मी चपला बाहेर काढाव्यात की काय, याचा विचार करीत असे. एकदा काढल्याही होत्या.

एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होतो. बी.कॉम. होतो, हे सांगायला आज संकोच वाटतो. जिनिंगच्या मालकाने शेवटच्या दोन पगारांचे चेक दिले, ते दोन्ही वटले नाहीत, आणि मग दाराला कुलूप लागलं. नऊ महिने पगार नाही. बायको साड्यांना फॉल लावून घर चालवत होती. घरमालकाला मी भाड्याचा चेक दिला होता, तोही परत आला. दोन महिन्यांचं भाडं थकलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "महिनाअखेर एका महिन्याचं तरी द्या, नाहीतर खोली सोडा."

त्याच आठवड्यात मावशी आल्या. मी त्याच दिवशी बँकेतून भरून आणलेलं पासबुक घेऊन बसलो होतो. दुसऱ्यांचे हिशेब जन्मभर तपासणाऱ्या या हिशेबनीसाने स्वतःचं पासबुक नऊ महिन्यांत उघडलं नव्हतं, कारण भीती वाटत होती. मावशींनी ते ओढून घेतलं आणि पेशंटचा तापाचा तक्ता वाचावा तसं वरून खाली वाचलं.

"हे काय? हे वीस, हे वीस. हे पंचवीस. आणि हे पंधरा तीन वेळा?"

मी समजावून सांगितलं. मालकाचे दोन चेक परत आले म्हणून बँकेने वीस-वीस कापले. माझा चेक परत गेला म्हणून पंचवीस. आणि खात्यात ठरलेली किमान रक्कम नाही म्हणून दर तीन महिन्यांनी पंधरा. एकूण एकशे दहा.

"म्हणजे पैसे नाहीत म्हणून पैसे कापले?"

"तसा नियम असतो, मावशी."

"पेशंटच्या अंगात रक्त नाही, तर तुम्ही आणखी बाटलीभर काढता? उठा, जावईबापू."

बँकेत काउंटरवरच्या कारकुनापुढे त्यांनी पासबुक आपटलं. रागावल्या की त्यांची प्रमाण मराठी गळून पडे आणि माहेरची अहिराणी वर येई. "हाई काय शे? कसाले कापात?" कारकून माझ्याकडे पाहू लागला. मी भिंतीवरचं बचतीचं पोस्टर मन लावून वाचू लागलो. त्याने आम्हाला मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, विचारलं, "काय अडचण आहे?"

मावशी म्हणाल्या, "हे सांगतील." आणि पदर सावरून गप्प बसल्या.

तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती लोकांना सुया टोचल्या असतील कोण जाणे, पण त्या दिवशी मला लागली तशी कोणालाच लागली नसेल. मी घसा खाकरला. "साहेब," मी म्हणालो, "तसं माझं काही म्हणणं नाही."

मॅनेजर म्हणाले, "लेखी अर्ज द्या." मी बाहेर बाकावर बसून अर्ज लिहिला. मावशींनी वाचला. त्यात मी बँकेच्या सेवेबद्दल आभार मानले होते, झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली होती आणि पैशांचा उल्लेख करायचा राहून गेला होता. त्यांनी तो फाडला आणि दुसरा सांगितला. मालकाचे चेक परत आले यात माझा दोष नाही. नऊ महिने पगार नाही, कारखाना बंद झाल्याची नोटीस सोबत जोडली आहे. कापलेली रक्कम परत करावी आणि काम मिळेपर्यंत पुढे कापू नये. खाली सही.

"घरमालकाच्या चेकचे पंचवीस लिहिले नाहीत," मी सुचवलं.

"ते मागायचे नाहीत. खात्यात पैसे नाहीत हे ठाऊक असून तुम्ही चेक फाडलात ना? मग ते तुमचेच गेले."

मी मान खाली घातली. बायकोलाही मी हे कबूल केलं नव्हतं.

मॅनेजरनी अर्ज दोनदा वाचला. वरून मंजुरी आणावी लागेल म्हणाले, पण चेकबुक परत केलं तर किमान रकमेची अट खाली येईल, ते आजच करून देतो. पंधरा दिवसांनी चौकशी करा. पंधराव्या दिवशी मी मावशींच्या दारात उभा राहिलो, तर त्या पापड लाटत होत्या. "मला वेळ नाही. तुम्हाला तोंड आहे ना?"

एकटा गेलो. काउंटरवर माझं नाव सांगितलं, कारकुनाने ऐकलं नाही, मग मी ते पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. एवढंच. खात्यात पंच्याऐंशी रुपये जमा झाले होते. त्यात फॉलचे पैसे घालून एका महिन्याचं भाडं दिलं. खोली राहिली.

पण मावशी तेवढ्यावर थांबतात होय? जिनिंगमधल्या आणखी अकरा जणांचे चेक तसेच परत आले होते. मावशींनी सगळ्यांना आमच्या खोलीत बोलावलं, आणि मला अर्ज लिहायला बसवलं. एक हमाल सही करताना म्हणाला, "भाऊ, साहेब ऐकतीन का आमनं?" मी म्हणालो, "मी येतो ना सोबत." हे वाक्य माझ्याच तोंडून आलं, याची खात्री करायला मी मागे वळून पाहिलं. अकरापैकी नऊ जणांचे पैसे परत आले. उरलेल्या दोघांसाठी मी चार वेळा गेलो. पैसे आले नाहीत, पण चौथ्या खेपेला मॅनेजरनी चहा मागवला आणि मी तो नको न म्हणता प्यालो.

पुढल्या वर्षी मला जळगावला एका केळी सोसायटीत नोकरी लागली. निघण्याच्या सकाळी मावशी एसटी स्टँडवर आल्या. हातात स्टीलचा मोठा डबा, भरून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणि वर लसणाची चटणी. दवाखान्यातून निवृत्त होताना मिळालेला तो डबा, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. बस सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून म्हणालो, "मावशी, डबा कधी पोचता करू?"

"राहू द्या तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बस वळणावर गेली तरी मावशी तिथेच उभ्या होत्या, एक हात पदरात गुंडाळून. त्या इतक्या म्हाताऱ्या कधी झाल्या, हे दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहूनही आम्हाला कळलं नव्हतं.